गवई मिळतो, मास्तर मिळत नाही

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावात हौशी नाट्यमंडळ असून दरवर्षी माघी गणेश जयंतीला आम्ही नाटक करतो. नट सगळे गावचेच आहेत. कोणी शेतकरी, कोणी शिक्षिका, कोणी बेळगावला कारखान्यात जाणारे. पूर्वी पदे बसवून घेण्याचे काम गावातील पेटीमास्तर करीत. आता त्यांचे वय झाले असून त्यांना ऐकूही कमी येते. गेल्या वर्षी संगीत सौभद्र करायचे ठरले, म्हणून शहरातील एका नामवंत गायकांना संगीत दिग्दर्शनाची विनंती केली. ते तीन वेळा आले, सुंदर गायले, आणि नंतर त्यांना वेळ मिळाला नाही. ऐनवेळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या एका तरुणाने ट्रॅक करून दिले. प्रयोगात ट्रॅक पुढे आणि आमची सुभद्रा मागे, अशी फजिती झाली. यंदा वेळेवर माणूस शोधायचा आहे. एका माध्यमिक शाळेतील कन्नड भाषक संगीत शिक्षक यायला तयार आहेत. परंतु मराठी पदे त्यांनी कशी बसवावीत, असे काही सभासद म्हणतात. त्यांची परीक्षा कशी घ्यावी, मानधन कसे ठरवावे, नाटक जुने घ्यावे की आमच्या एका शिक्षकांनी लिहिलेले नवे घ्यावे, आणि पेटीमास्तरांना न दुखवता हे सारे कसे जमवावे?
— एक कार्यवाह

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील ‘ते तीन वेळा आले, सुंदर गायले’ या वाक्यापाशी मी थांबलो. गेल्या वर्षीची चूक त्या वाक्यातच आहे, आणि ती त्या गायकांची नाही. आपण गवयाला बोलावले, तेव्हा गवई आला आणि गायला. आपल्याला हवा होता तो ज्याला गाता येत नाही त्याच्याकडून गाऊन घेणारा माणूस, आणि हे काम निराळे आहे. जुन्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर हा शब्द होता. नट त्याला देवाइतके घाबरत, पण प्रेक्षकांना पुष्कळदा त्याचे नावही ठाऊक नसे. संगीत दिग्दर्शक हा शब्द नंतर आला आणि त्याबरोबर जाहिरातीतल्या मोठ्या नावाचा मोहही आला. खरे तर १९११ साली रंगभूमीवर आलेल्या संगीत मानापमान नाटकाच्या चाली ज्या गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, त्यांचा लौकिक तेव्हा पेटीवादक म्हणून होता. स्वतः मैफल जिंकणे आणि दुसऱ्याच्या गळ्याला झेपेल असे काही बांधून देणे या दोन गोष्टी एका माणसात असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरी असेलच असे धरून चालू नये.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. तरुणपणी मी एका मंडळात पेटीवर बसत असे. तिथे एका मोठ्या गायकांनी नायिकेला एक पद त्यांच्या सगळ्या ताना-हरकतींसह शिकवले. ती मुलगी हुशार होती, तालमीत तिने ते जसेच्या तसे उतरवले, आणि प्रयोगात पहिल्याच तानेला श्वास तुटून ती गप्प उभी राहिली. पुढच्या वर्षी एक शाळामास्तर आले. त्यांनी तिला आठवडाभर ते पद गाऊच दिले नाही. फक्त वाक्यासारखे बोलायला लावले, श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने वहीत खुणावून दिले, आणि मग पेटी उघडून पहिले काम केले ते म्हणजे पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ ‘सा’, एका स्वराने खाली आणली. तान एकही ठेवली नाही. त्या वर्षी त्या पदाला वन्समोअर मिळाला. आपण शोधायचा आहे तो हा दुसरा माणूस.

असा माणूस कुठे सापडतो, हे आपल्या भागापुरते सांगतो. वर्तमानपत्रात जाहिरात देऊ नये, कारण जाहिरातीला उत्तर देतात ते बहुधा ज्यांना रंगमंचावर स्वतः दिसायचे असते असे लोक. शाळांचे संगीत शिक्षक हा पहिला वर्ग. तीस-चाळीस मुलांकडून स्वागतगीत बसवून घेणाऱ्याला बेसूर गळ्यांची सवय असते. भजनी मंडळांचे आणि कीर्तनाला साथ करणारे पेटीवाले हा दुसरा. बुवा कधी थांबतील, कधी कथेत शिरतील आणि कुठून पुन्हा पद उचलतील हे त्यांना बुवांच्या चेहऱ्यावरून कळते, आणि नाटकात नेमके हेच लागते. तिसरा वर्ग आपल्या सभासदांना सुचणार नाही, तो म्हणजे चर्चमधील गायनवृंद सांभाळणारे. बेळगाव आणि खानापूर या दोन्ही ठिकाणी अशी माणसे आहेत, न गाणाऱ्यांना रांगेत उभे करून गाऊन घेणे हेच त्यांचे दर रविवारचे काम असते, आणि समूहगीताच्या बाबतीत त्यांचा कान आपल्याकडच्या कित्येक विशारदांपेक्षा तयार असतो. ऑर्गन किंवा तबल्याचा साथीदार हवा असेल, तर घाटाखाली गोव्याकडे चौकशी करावी, कारण तिथे देवळांच्या उत्सवांत संगीत नाटक करण्याची परंपरा असल्यामुळे नाटकाची साथ जाणणारे वादक मिळतात. मात्र ते प्रयोगाला आणि अखेरच्या तालमींना येतील. चोर्ल्याच्या घाटातून दर आठवड्याला कोणी शिकवायला येईल अशी आशा धरू नये.

आता त्या कन्नड भाषक शिक्षकांविषयी. आपल्या सभासदांच्या शंकेत एक भाग निव्वळ भावनेचा आहे आणि एक भाग खरा आहे. दोन्ही वेगळे करून पाहावेत. भावनेच्या भागाला उत्तर द्यायचे तर आपल्याच जिल्ह्यातून देता येते. आपण ज्यांचे सौभद्र केले ते अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी पुण्यात शाकुंतल उभे केले आणि १८८२ मध्ये सौभद्र आणले, तेव्हा चालींसाठी त्यांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या, लावण्या घेतल्या, तशी कानडी गाणीही घेतली. ज्या पदांना आपण अस्सल मराठी समजून जपतो, त्यांतल्या काहींची चाल मुळात कानडी आहे. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळच्या गायक रामभाऊंना सवाई गंधर्व ही पदवी मिळाली ती मराठी नाटकांच्या रंगभूमीवर. सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या घरची भाषा कन्नड, आणि त्यांच्याच नावाच्या बेळगावातील रंगमंदिरात आपले सभासद तिकीट काढून मराठी नाटके पाहतात. तेव्हा ‘कन्नड माणसाने कशी बसवावीत’ हा प्रश्न या मातीत तरी विचारू नये.

खरा भाग उच्चाराचा आहे. कन्नडमधील शब्द बहुतेक स्वरान्त असल्यामुळे मराठी शब्दाच्या शेवटचे व्यंजन त्या वळणाच्या कानाला अपुरे वाटते आणि चालीत त्याला नकळत एक स्वर चिकटतो. ‘मन’चे ‘मना’ होते आणि अर्थच फिरतो. ‘चांदणे’ आणि ‘चिमणी’ यांतले दोन निराळे ‘च’ मराठी माणूस शिकल्याशिवाय उच्चारतो, बाहेरच्याला ते सांगावे लागतात. चाल बांधताना मात्रा कुठे लांबवायची हे या उच्चारावर अवलंबून असल्याने ही बाब किरकोळ नाही. उपाय मात्र सोपा आहे : आपल्या मंडळातील मराठीच्या शिक्षिकेला पदांच्या तालमीत त्यांच्या शेजारी बसवावे, तिने प्रत्येक पद आधी अर्थासह वाचून दाखवावे, आणि शब्द तुटतो आहे असे वाटले तर तिथेच सांगण्याचा अधिकार तिला असावा. मी तर म्हणेन की मराठी भाषक संगीत दिग्दर्शक मिळाला तरी ही व्यवस्था ठेवावी, कारण सुरात रमलेला माणूस शब्द गिळतो, मग त्याची मातृभाषा कोणतीही असो.

परीक्षेसाठी त्या शिक्षकांना, आणि आणखी एक-दोघे मिळाले तर त्यांनाही, एकेका संध्याकाळी तालमीच्या जागी बोलवावे. त्यांना गायला सांगू नये. ते गाऊ लागले तर आपली माणसे भारावून जातील आणि निवड तिथेच होऊन जाईल. त्याऐवजी आपल्या नटांपैकी गळा बेताचा असलेला एक नट आणि एक छोटे पद त्यांच्या हाती द्यावे, पाऊण तास द्यावा, आणि कोपऱ्यात बसून पाहावे. ते आधी पद वाचून घेतात का? नटाचा आवाज कुठवर जातो हे पेटीवर चाचपून पाहतात का? तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यांचा सूर चढतो की ते ओळ अर्धी करून देतात? पाऊण तासानंतर त्या नटाला बाजूला घेऊन एवढेच विचारावे, ‘उद्या पुन्हा यांच्याकडे येशील का?’ विशारद, अलंकार किंवा कर्नाटकातील विद्वत परीक्षेच्या प्रमाणपत्रापेक्षा या उत्तराला मी जास्त किंमत देईन. ही परीक्षा पाहायला नाटकाचे दिग्दर्शक हजर असलेच पाहिजेत. पुढचे चार महिने या दोघांना एकमेकांसमोर बसायचे आहे, आणि एक तरी प्रसंग असा येणार आहे की दिग्दर्शकांना पद कापायचे असेल आणि मास्तरांना ते ठेवायचे असेल.

पट्टीविषयी एक प्रश्न आपण त्यांना अवश्य विचारावा, कारण त्यातून माणसाची नाटकाची समज कळते. आपला अर्जुन पेटीच्या काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गात असेल आणि सुभद्रेला काळी चार सोयीची असेल, तर दोघांच्या एकत्र पदाचे काय करणार? नुसता गवई म्हणेल, दोघांपैकी एकाने जुळवून घ्यावे. जाणकार म्हणेल, अर्जुनाचा पंचम (प) हाच सुभद्रेचा षड्ज (सा) आहे, तेव्हा पेटी न बदलता तिची ओळ तिच्या षड्जावर बांधता येईल, किंवा तिला थोडे खाली आणून त्याच्या मध्यमावर (म), म्हणजे काळी तीनवर, गाऊ देता येईल. उत्तर हेच आले पाहिजे असे नाही, पण हा प्रश्न त्यांना पूर्वी पडलेला असला पाहिजे.

नाटकाची निवड माणूस ठरल्यावर करावी, आधी नव्हे. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याला आपले गळे ऐकू द्यावेत आणि मग कोणते नाटक झेपेल ते त्यालाच विचारावे. माझे मत विचाराल तर पुन्हा किर्लोस्करांकडे जाण्यात काही कमीपणा नाही. त्या काळच्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा जुन्या वळणाच्या रचना भरपूर आहेत, ज्या भजनाच्या सवयीचा कोणताही गळा निभावून नेतो. पुढच्या काळातील रागदारीच्या पदांची गोष्ट वेगळी. शाकुंतलात तर दोनशेच्या आसपास पदे आहेत. ती सगळी म्हणायचा आज कोणी विचारही करीत नाही, म्हणजे निवडायला वाव भरपूर आहे.

हक्कांचेही इथेच सांगून टाकतो, कारण मंडळे हे तिकिटे छापल्यावर विचारतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, आणि शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, संगीत शारदा लिहिणारे देवल १९१६ मध्ये. त्यांची नाटके मोकळी आहेत. मानापमान लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये आणि टेंबे १९५५ मध्ये गेले, तेव्हा ते नाटक शब्दांसह आणि मूळ चालींसह मोकळे झाले आहे. पण मत्स्यगंधा किंवा कट्यार काळजात घुसलीतील चाली जितेंद्र अभिषेकी यांच्या, ते १९९८ मध्ये गेले, आणि त्या चालींचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता, प्रेक्षकांकडून पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्याने सूट दिली आहे. गावच्या मंडपातील विनामूल्य प्रयोग त्यात बसतो, पण तोच प्रयोग बेळगावला तिकीट लावून केला तर परवानगी घ्यावी लागते. आपल्या शिक्षकांचे नवे नाटक घेतले आणि मास्तरांनी नव्या चाली बांधल्या, तर लेखी करार नसल्यास त्या चाली मास्तरांच्याच राहतात, आपण मानधन दिले असले तरीही. करार केला आणि त्यात मुदत लिहायची राहिली, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. नव्या नाटकाचा मोह मला समजतो, पण पहिल्याच वर्षी नवा मास्तर, नवे नाटक आणि नव्या चाली हे तिन्ही एकदम अंगावर घेऊ नये.

मानधनाचा आकडा मी सांगणार नाही, तो आपल्या वर्गणीवर ठरेल, पद्धत सांगतो. ‘समजून घ्या’ या दोन शब्दांनी आपल्याकडची जितकी मंडळे फुटली तितकी भांडणाने फुटली नसतील. शिक्षकांना एका पानाचे पत्र द्यावे. त्यात तालमी किती, कोणत्या वारी, किती वाजता, हे आकड्यांत लिहावे. गाडीभाडे मानधनात न मिसळता प्रत्येक फेरीला रोख द्यावे, आणि शेवटची बस चुकली तर घरी पोचवायचे कोणी, तेही नावानिशी लिहावे. माणूस येईनासा होतो तो पुष्कळदा याच कारणाने, आणि आपल्याला कारण सांगतो दुसरेच. मानधनाचा एक हिस्सा सुरुवातीला, एक पदे पाठ झाल्यावर आणि उरलेला प्रयोगाच्या रात्री द्यावा, दुसऱ्या दिवशी नव्हे. पट्टी, लय आणि साथ यांत मास्तरांचा शब्द अखेरचा, पद ठेवायचे की गाळायचे यात दिग्दर्शकांचा, हेही त्याच पानावर असावे. ते नोकरीत असल्यामुळे मानधन घेण्यास संस्थेची परवानगी लागते का, हे त्यांनाच आधी विचारून घ्यावे.

वेळापत्रक सुगीकडे पाहून आखावे. आपल्याकडे दिवाळीच्या मागे-पुढे भातकापणी सुरू झाली की मळणी होईपर्यंत तालमीला कोणी येत नाही, आणि आले तरी जागे राहत नाही. म्हणून माणूस आषाढात ठरवावा, लावणी उरकली की श्रावण-भाद्रपदात पदे पाठ करून घ्यावीत, सुगीत मास्तरांना सुट्टी द्यावी आणि मार्गशीर्षात हालचालींसह उभे राहावे. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तालीम घेऊ नये. एक तर स्वर ऐकू येत नाही, आणि खानापूरच्या त्या ओल्या हवेत तबला दर अर्ध्या तासाने उतरतो, मग सगळी संध्याकाळ हातोडीच्या आवाजात जाते. शाळेची कौलारू खोली मिळाली तर बरी.

ट्रॅकविषयी मी त्या तरुणाला दोष देणार नाही. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही, पेटीवाला थांबतो. न शिकलेल्या नटाला थांबणारी साथ लागते. पैशाअभावी ट्रॅकच वापरायचा असेल, तर नटांची पट्टी आणि लय पक्की झाल्यावर, म्हणजे मार्गशीर्षात, त्यांचेच गाणे ऐकवून तो करून घ्यावा. आणि रंगमंचावर नटाकडे तोंड केलेला एक मॉनिटर स्पीकर ठेवावा. आपली सुभद्रा मागे पडली ती बहुधा तिला ट्रॅक नीट ऐकूच येत नव्हता म्हणून. तिला हे सांगावे. वर्षभर ती स्वतःलाच दोष देत बसली असेल.

राहता राहिले पेटीमास्तर. त्यांना सल्लागार वगैरे पद देऊन पत्रिकेवर नाव छापू नका, त्यातला पोकळपणा त्यांना तत्काळ कळेल. नवे शिक्षक ठरण्यापूर्वी आपण आणि दिग्दर्शक त्यांच्या घरी जावे आणि त्यांच्या वह्या मागाव्यात. इतकी वर्षे त्यांनी जी पदे बसवली त्यांच्या पट्ट्या, कापलेले अंतरे, कुठे श्वास घ्यायचा त्या खुणा त्या वह्यांत असतील, किंवा त्यांच्या डोक्यात असतील आणि कोणीतरी बसून लिहून घ्यायला हव्या आहेत. नव्या शिक्षकांना पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे घेऊन जावे. आपल्या गावचा गळा कसा आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. आणि नांदीच्या वेळी पेटीवर तेच बसतील असे ठरवावे. नांदी सगळ्यांची असते, ती सगळे मिळून मोठ्याने म्हणतात, आणि तेवढी त्यांना नक्कीच ऐकू येईल.